आमच्या टॉकीजला चार रविवार गाण्यांचे सिनेमे: आधी कोणता लावावा?

बालाघाटी (अंबाजोगाई):
मंडळी, सल्ला पाहिजे. गावातल्या जुन्या टॉकीजचे मालक माझ्या वडलांचे वर्गमित्र. सकाळचा खेळ रिकामाच जातो, म्हणून लै मागं लागल्यावर काकांनी मला चार रविवार दिलेत. अट एकच: लाईटबिल निघालं पाहिजे. तिकीट ६० रुपये, बाल्कनी ८०.

यादी जमलीय. 'संत तुकाराम' (१९३६), 'पिंजरा' (१९७२), 'जैत रे जैत' (१९७७) अन् 'कट्यार काळजात घुसली' (२०१५). काका म्हणायलेत पिंजऱ्यानं सुरुवात कर, गर्दी होते. माझं मन 'जैत रे जैत'वर. कामून, तर गोष्ट कर्नाळ्याकडच्या ठाकरांची असली तरी गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याच्या शेतकऱ्याची. आपल्या माणसाचे शब्द आपल्या टॉकीजात घुमावेत, एवढंच.

दुसरा घोळ तारखांचा. दसरा झाला की निम्मा तालुका कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो, त्याच्या आधी सोयाबीनची काढणी. मार्गशीर्षात योगेश्वरीचं नवरात्र असतं, कोकणातली माणसं कुलदेवीला येतात. तेव्हा लावावं का?

रिटायर ऑपरेटर (परभणी):
पोरी, मी जुन्या प्रोजेक्टरच्या उजेडासाठी कार्बनच्या काड्या जाळून खेळ केलेत, म्हणून सांगतो. 'तुकाराम'चं चित्र जवळपास चौकोनी आहे. आजकालची पोरं पडदा भरावा म्हणून झूम करतात अन् तुकाराम झालेल्या पागनीसांचं पागोटंच कापून टाकतात. तसं करू देऊ नको. दोन्ही बाजूंनी काळं कापड सोडायचं.
अन् 'आधी बीज एकले' लागलं की कुणीतरी म्हणणारच, गाथेतला अभंग हाय. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला. चहाची पैज लाव, जिंकशील.

कागदवाला (लातूर):
गाणी-गोष्टी नंतर. यूट्यूबवरून उतरवून लावणार असाल तर थांबा. चारही सिनेमांच्या हक्कदारांकडून लेखी परवानगी घ्या. डीसीपी, म्हणजे टॉकीजात लावायची सिनेमाची डिजिटल फाईल, आली तरी कुलूपबंद असेल तर तिची किल्ली, म्हणजे केडीएम, ठरलेल्या मशीनवर अन् ठरलेल्या वेळेतच चालते. आमच्याकडं एकदा खेळ दहाचा अन् किल्ली बाराची निघाली. पब्लिक दोन तास अंगणात भेळ खात बसलं, आणि भेळवाल्याचा धंदा टॉकीजपेक्षा जास्त झाला. किल्ली आदल्या रात्री तपासा.

उदगीरची सून:
रविवारी सकाळी दहाला बायकांना घरातून कोण सोडतंय हो? सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत बारा वाजतात. साडेबाराचा खेळ ठेवा. आणि बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का, ते आधी बघा. मी 'पिंजरा' पहिल्यांदा पाहिला तेव्हा नणंद दार धरून उभी होती. श्रीराम लागूंच्या मास्तरवर काय वेळ आली, ते तिला घरी येऊन सांगावं लागलं.

बालाघाटी:
ताई, आत्ता जाऊन बघितलं. कडी नव्हतीच. उद्या बसवते, काकांना न विचारता.

वेळेचं काकांशी बोलले. साडेबारा मान्य, पण चारचा रेग्युलर खेळ असल्यामुळं आपल्याला पावणेचारला हॉल रिकामा करून द्यायचाय. पोळा झाला की सुरू, म्हणजे कोयत्यावर जाणारी माणसं गावात असतील. महालक्ष्म्या आल्या तर तो रविवार सोडायचा. 'कट्यार' मात्र मार्गशीर्षात, पाहुण्यांसाठी.

परवानगीची पत्रं चारही ठिकाणी टाकलीत, दोघांचा होकार आलाय. 'जैत रे जैत' पहिला, पण 'पिंजरा' लगेच दुसऱ्या रविवारी, अशी काकांशी तोडपाणी झाली. काळ्या कापडासाठी मंडपवाला तयार आहे. आता मधेच लाईट गेली तर जनरेटरचं डिझेल कुणाचं, त्यावर बोलणं अडलंय.