मदत हवी: आरोग्य धोरणाचा कोर्स सुचवा, जरा लवकर

बाकडं_नं_७
नमस्कार मंडळी. आरोग्य धोरण शिकायला एखादा चांगला कोर्स सुचवा, अर्जंट आहे. साहेब म्हणतायत यावेळी आरोग्यावर बोलायचं आणि मुद्दे मी काढून द्यायचे, आणि मी बी.कॉम. आम्ही तिघं आहोत, तिघांनाही हवाय. गुगल करून झालंय, सगळे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटवालेच येतात, ते प्लीज सांगू नका.

चष्मिष
साहेब म्हणजे कोण? कलेक्टर, नगरसेवक, कंपनीचे डायरेक्टर? कुठे बोलायचंय?

कोकणकडा
पीआरएस म्हणून दिल्लीची संस्था आहे, संसदेच्या कामाचा अभ्यास करणारी, तिची लॅम्प फेलोशिप करा. २०१० पासून चालू आहे, एका खासदाराबरोबर एक फेलो. माझा मावसभाऊ करून आला, आता काय बोलतो, ऐकत राहावं.

बाकडं_नं_७
साहेब आमदार आहेत हो, मी पीए. अधिवेशन नागपूरला. फेलोशिपसाठी काम सोडून दिल्लीला कसा जाऊ, इथे फोन कोण उचलणार? आणि ती पंचविशीच्या आतल्यांना असते, माझी पोरगी शाळेत जाते.

चष्मिष
आमदार विधानसभेचे की परिषदेचे? सत्तेतले की विरोधातले? हे सगळं आधीच लिहायचं ना राव.

बाकडं_नं_७
विधानसभा. पक्ष विचारू नका, आम्ही तिघं तीन वेगळ्या पक्षांच्या आमदारांकडे आहोत. जिल्हा एकच आणि सिव्हिल हॉस्पिटलपण एकच, म्हणून एकत्र शिकायचं ठरवलंय. साहेबांना माहीत आहे, त्यांची हरकत नाही.

पाटीलवाडा
मग उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीत चौकशी करा. लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचा त्यांच्याइतका अनुभव राज्यात कुणाला नाही, १९८२ पासूनची संस्था आहे.

लाल_डबा
हा हा. तीन पक्षांच्या माणसांना उत्तनला? तिथला विचार कोणता ते सगळ्यांना माहिती आहे. त्यापेक्षा जन आरोग्य अभियान या आरोग्य हक्कांवर काम करणाऱ्या संघटनांच्या आघाडीशी बोला, नाहीतर पुण्याच्या 'साथी' संस्थेशी. मेळघाटपासून लोकाधारित देखरेखीपर्यंत (सरकारी दवाखान्यांवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवायचं) प्रत्यक्ष काम केलेली माणसं आहेत.

पाटीलवाडा
आणि त्यांचा विचार कोणता ते कुणालाच माहिती नाही वाटतं?

सुमतीताई
भांडू नका रे. विधिमंडळाचं स्वतःचं वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे की. तिघांनी आपापल्या आमदारांचं पत्र घेऊन एकत्र विनंती द्या, आरोग्यावर एक दिवसाचा वर्ग ठेवा म्हणावं. तीन पक्षांच्या सह्या असल्या तर कुणाला नाही म्हणायला जड जातं.

मेरीलँडकर
इथे अमेरिकेत काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस आहे, १९१४ पासून. दोन्ही पक्षांच्या स्टाफला तीच माणसं, तेच रिपोर्ट. आपल्याकडे असं का होत नाही हा खरा प्रश्न आहे, यावर वेगळा धागा काढायला हवा...

लाल_डबा
काढा की. आणि तिकडे इन्शुलिनचं बिल किती येतं तेही लिहा त्यात.

मेरीलँडकर
मी उपचारांचं बोलतच नव्हतो, अभ्यासाचं बोलत होतो. असो.

गजूभाऊ_८८
बाकडं साहेब, तुम्ही आमदारांकडे आहात म्हणून विचारतो, काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन फुले जन आरोग्य योजनेत होईल का? रेशन कार्ड पांढरं आहे.

बाकडं_नं_७
भाऊ, दिवसभर हेच फोन घेतो, इथे तरी नको. योजनेतल्या हॉस्पिटलात पेशंटला मदत करायला आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा. पांढऱ्या कार्डाची चिंता नको, २०२३ च्या जीआरनंतर योजना सगळ्यांसाठी केलीय.

निवृत्त_टीएचओ
तालुका आरोग्य अधिकारी म्हणून निवृत्त झालोय, तुमच्यासारख्यांनी तयार केलेल्या प्रश्नांची उत्तरं रात्री जागून लिहिलीत म्हणून सांगतो. कोर्स नंतर करा, आधी कोणता दवाखाना कुणाचा ते पाठ करा. पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, चालवते जिल्हा परिषद, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, मनपाचा दवाखाना म्हटलं की नगरविकास, अंगणवाडीतलं कुपोषण महिला व बालविकासकडे. सिव्हिलला मेडिकल कॉलेज जोडलं की ते वैद्यकीय शिक्षणच्या अखत्यारीत जातं. चुकीच्या खात्याला प्रश्न टाकला की 'प्रश्न उद्भवत नाही' एवढं एका ओळीत लिहून आम्ही सुटायचो. तुमच्या सिव्हिलला कॉलेज जोडलंय का?

बाकडं_नं_७
जोडलंय. आणि मागच्या वेळचा प्रश्न आरोग्य खात्यालाच गेला होता, तो दुसऱ्या पक्षाच्या मित्राने केला होता 😀

चष्मिष
राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ वाचा आधी. त्यातलं लक्ष्य असं: सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के, राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त. हे आकडे तोंडपाठ हवेत.

निवृत्त_टीएचओ
वाचा जरूर, पण अडीच टक्क्यांवर भाषण होतं, मंत्री उत्तरात अडकत नाही. अडकतो तो मंजूर पदं किती, भरलेली किती यावर. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात लेखाशीर्ष २२१० आणि ४२१० काढा, पहिलं चालू खर्चाचं, दुसरं इमारती वगैरे भांडवली. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडा. एनएचएमचा (राष्ट्रीय आरोग्य अभियान) पैसा केंद्र-राज्य ६०:४०, त्यात राज्याचा वाटा कधी पडला ती तारीख विचारा. शिवाय एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) चं तुमच्या जिल्ह्याचं फॅक्टशीट, आणि कॅगचा आरोग्य सुविधांवरचा अहवाल. आठवडाभर पुरेल.

पाटीलवाडा
ही कारकुनी झाली काका, धोरण नाही.

निवृत्त_टीएचओ
इमारत उभी आणि पदनिर्मिती नाही म्हणून कुलूप लागलेलं ग्रामीण रुग्णालय दाखवतो या, मग कारकुनी की धोरण ते ठरवू.

सुमतीताई
बाकडं, सर्टिफिकेट हवंय का नुसतं शिकायचंय? मी एकदा एका ऑनलाईन कोर्सला पैसे भरले, शेवटपर्यंत स्लाइडच वाचून दाखवल्या.

बाकडं_नं_७
सर्टिफिकेट कुणाला दाखवू? टीएचओ काका, तुम्हीच ऑनलाईन शिकवाल का? बजेटचं पुस्तक कसं वाचायचं तेवढंच. रात्री ९ नंतर, साहेब जेवायला बसले की. आम्ही तिघं येतो, पण लक्षवेधी (सभागृहात मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) कुणी टाकायची ते आमचं आधी ठरायचंय, त्यावरून सकाळपासून वाद चालू आहे.

गजूभाऊ_८८
काका तिथेच आरोग्यमित्राचं पण विचारू का, तो जागेवर नसतो.