नोंदवहीत न येणारी गरज

लोकांना मदत देणाऱ्या केंद्रात कोण कशासाठी येतं हे नोंदींवरून कळतंच, मग लोकांच्या गरजांची घरोघरी वेगळी पाहणी कशाला, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. नोंदवहीत दिसतो तो केंद्रापर्यंत पोचू शकलेला माणूस. ब्रिटिश समाजधोरण अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार मांडले होते: तज्ज्ञांनी ठरवलेली, माणसाला स्वतःला जाणवणारी, मागणीतून व्यक्त झालेली आणि इतरांशी तुलना केल्यावर दिसणारी. नोंदवही त्यातली फक्त तिसरी दाखवते.

मी घरोघरी पाहणीचं काम केलंय. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलं की म्हातारी माणसं हमखास ‘नाही’ म्हणतात. एक आजीही तेच म्हणाल्या, पण उठल्या त्या भिंतीला धरून. मग विचारलं, ‘आधी करायचात आणि आता सोडून दिलंय, असं काय आहे?’ तेव्हा कळलं की बाहेर पडणंच बंद झालंय. पायऱ्या उतरताना हात धरायला कुणी नाही, त्यामुळे बीपीच्या गोळ्याही संपलेल्या. त्यांना हवं होतं सोबत येणारं माणूस, आणि आमच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. तो नंतर घातला. आणि हो, पाहणीची एक फेरी संध्याकाळी ठेवाच, नाहीतर कामावर जाणारे सगळे सुटतात.