ऊन लागत नाही तरी घरी छापलेला फोटो लाल पडला, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही फोंड्याला असतो. दोन वर्षांमागे चवथीला माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट) अख्खं घर उभं करून फोटो काढला आणि घरच्याच इंकटँक प्रिंटरवर, चकचकीत फोटोपेपरवर तीन प्रती छापल्या. एक फ्रिजवर चुंबकाने लावली, एक काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये, तिसरी अल्बममध्ये.

फ्रिजवरची पार गेली. माटोळीतली आंब्याची पानं पिवळी आणि माणसं अशी तांबूस, की दुपारभर मिरामारच्या वाळूत बसून आलीत. फ्रेममधली बरीच बरी, अल्बममधली जशीच्या तशी. स्वयंपाकघरात ऊन फिरकतही नाही. आई म्हणते, पावसाळी दमट हवा, दुसरं काय! शाई बाजारातली स्वस्तातली होती, हे आधीच कबूल करतो. पण आजोबांचा कृष्णधवल फोटो याच घरात कधीपासून टांगलाय, त्याला काही होत नाही. नेमकं बिघडतं कुठे?

प्रतिसाद : चुंबक काढून बघा, खालचा तुकडा कसा आहे?

धागाकर्ता : अरे! तिथलं पान अजून हिरवंगार.

प्रतिसाद : मग हवाच. उजेडाने उडाला असता तर हॉलमधली प्रत आधी गेली असती. काच उजेड आत सोडते, वारा नाही. हवेत थोडा ओझोन असतोच, तो डाय शाईचे, म्हणजे ज्या शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो तिचे, रेणू तोडतो. त्यात आकाशी शाई सहसा सगळ्यात नाजूक. ती गेली की हिरव्यातलं पिवळं उरतं, चेहरे लाल होतात. शिवाय चटकन सुकणाऱ्या फोटोपेपरच्या थराला बारीक छिद्रं असतात. शाई मुरते तिथूनच हवाही शिरते.

आईंचंही अर्धं बरोबर आहे. दमटपणाने डाय पसरते, केसांच्या कडा धूसर दिसू लागतात. आजोबांच्या फोटोत मात्र डाय नाहीच, चांदीचे कण आहेत.

पुन्हा छापाल तर पिगमेंट शाईवर, म्हणजे जिच्यात रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात तिच्यावर. बाटल्या नीट वाचा, बऱ्याच प्रिंटरांत काळी तेवढी पिगमेंट आणि रंग डायचे असतात; माझीही फसगत झालीय. छापल्यावर एक दिवस उघडा सुकू द्या, मग फ्रेम. काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला, नाहीतर आपल्या पावसात फोटो काचेलाच चिकटतो.

धागाकर्ता : देव बरें करूं! आता मूळ फाईल शोधतोय. ज्या मोबाईलमध्ये होती, तो मागच्या जूनमध्ये भिजला. अल्बममधली प्रत स्कॅन केली तर चालेल ना?