मदत हवी आहे: धडकेच्या इशाऱ्याचा दिवा नेमका कुठे बसवावा?
मालवाहू ट्रकांत पुढच्या धडकेचा इशारा देणारं युनिट बसवायचंय. डिस्प्ले डॅशबोर्डच्या मध्यभागी ठेवला तर नजर रस्त्यावरून हटते. ताशी 80 किमी वेगाला एका सेकंदात गाडी 22 मीटर पुढे जाते. ड्रायव्हरसमोर, काचेच्या खालच्या कडेला लावला तर रात्री काचेत प्रतिबिंब पडतं. त्यात शहरात दुचाक्या आडव्या घुसतात, उगाचच इशारे वाजत राहतात आणि ड्रायव्हर दिव्यावर सरळ चिकटपट्टी लावतो (त्याचंही फारसं चुकत नाही).

अंतर कमी झालं की नुसता पिवळा दिवा, धडक 2 सेकंदांवर आली की लाल दिवा आणि बीप, अशी विभागणी चालेल का? 30 किमीखाली पिवळा दिवा बंदच ठेवावा का? रात्री आपोआप मंद होणारा डिस्प्ले कुणी बसवलाय?