रि: आई-बाबांची डॅन्यूब क्रूझ, पाणी कमी आहे म्हणतात, काय करू?

प्रेषक: शु., डार्मस्टाट
रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

खूप दिवसांनी मेलिंग लिस्टवर लिहितेय, जरा घाईचा प्रश्न आहे. आई-बाबा सांगलीहून पुढच्या आठवड्यात येतायत आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी आम्ही चौघं न्युर्नबर्ग ते बुडापेस्ट अशी सात रात्रींची क्रूझ करणार आहोत. बुकिंग जानेवारीत केलं तेव्हा सगळं छान वाटत होतं, पण आता दीड महिना धड पाऊस नाही आणि परवा कंपनीचा मेल आला की पाण्याच्या पातळीमुळे कार्यक्रमात बदल होऊ शकतात. बस्स, एवढंच. काय बदल, कधी, कुठे, काही नाही. फोन केला तर "आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत" एवढंच ऐकायला मिळालं.

बाबा ७३ चे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आईला बसमध्ये त्रास होतो. बोट यासाठीच निवडली होती की सामान एकदा उघडायचं आणि खोलीसकट फिरायचं. आता नवरा म्हणतो कॅन्सल करू, पण आत्ता स्वतःहून कॅन्सल केलं तर निम्म्याहून जास्त पैसे जातात. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. कुणी यातून गेलंय का?

शु.

---

प्रेषक: न., माइन्झ
सोमवार

शु., मी गेलेय यातून, हाच रूट, सासूबाईंना घेऊन, दोन वर्षांपूर्वी. सगळं सविस्तर लिहिते कारण मला तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं.

रेगेन्सबुर्गपर्यंत सगळं मस्त झालं. तिथे संध्याकाळी जेवणाच्या वेळी माइकवरून सांगितलं की उद्या सकाळी बॅगा सातच्या आत केबिनबाहेर ठेवा, बसने पासाऊला जायचंय, तिथे आपलीच दुसरी बोट उभी आहे. म्हणजे काय होतं की वरून आलेली बोट रेगेन्सबुर्गला थांबते, खालून आलेली पासाऊला थांबते, दोन्हीकडचे प्रवासी बसने अदलाबदल करतात आणि बोटी आल्या दिशेने परत फिरतात. बोट सेम टू सेम होती, केबिन नंबरसुद्धा तोच, अगदी पडद्याचा रंग तोच. बसला दीड तास लागला. ऐकायला हे काहीच नाही, पण सासूबाई त्या रात्री झोपल्या नाहीत. त्यांना दीड तासाच्या बसचं काही नव्हतं गं, त्यांना वाटलं की बोटीला काहीतरी झालंय आणि आपल्याला सांगत नाहीयेत. आम्हीच त्यांना आधीपासून काही सांगितलं नव्हतं, उगाच टेन्शन नको म्हणून, आणि ती चूक मला अजून लागून राहिलीये. म्हणून आधी बाबांना सांग. आजच सांग.

दुसरं, औषधं. सासूबाईंच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या, बॅगा वेगळ्या ट्रकने गेल्या आणि त्या आमच्यानंतर चार तासांनी पोचल्या. दुपारची गोळी चुकली. काही झालं नाही सुदैवाने, पण ते चार तास मी काय अवस्थेत काढले ते माझं मला माहीत. सगळी औषधं, पासपोर्ट, एक दिवसाचे कपडे आणि बाबांची गुडघ्याची पट्टी, एका छोट्या बॅगेत, आणि ती बॅग कायम तुमच्या हातात.

तिसरं, जेवण. पहिल्या बोटीवर शेफला आम्ही सांगून ठेवलं होतं, शाकाहारी, अंडं नाही, त्याने बिचाऱ्याने रोज काहीतरी वेगळं केलं, एकदा तर डाळीचं सूप. दुसऱ्या बोटीच्या किचनला यातलं काहीही कळवलेलं नव्हतं. पहिल्या रात्री ब्रेड, चीज, उकडलेल्या भाज्या. तेव्हा बोट बदलायची ठरली की रिसेप्शनला जाऊन स्पष्ट सांगायचं, आमची जेवणाची नोंद पुढच्या बोटीला पाठवा, आणि पोचल्या पोचल्या स्वतः जाऊन विचारायचं. मेतकूट आणि चटणी बरोबर ठेव.

न.

---

प्रेषक: वि. काका, रेगेन्सबुर्ग
सोमवार रात्री

शु. बेटा आणि न.,

मी इथे २६ वर्षं नदीकाठी राहतो, रोज सकाळी डोनाऊच्या, म्हणजे डॅन्यूबच्या, कडेने फिरतो, म्हणून थोडं नदीबद्दल लिहितो, कारण कंपनीवाले हे सांगत नाहीत आणि ते कळलं की निम्मी धाकधूक कमी होते.

तुमच्या सगळ्या प्रवासात सगळ्यात अडचणीची जागा एक आहे. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, साधारण ७० किलोमीटर. न्युर्नबर्गहून तुम्ही निघाल ते कालव्यातून. माइन-डोनाऊ कालवा १७१ किलोमीटर लांब आहे, १९९२ ला पूर्ण झाला, १६ श्लॉइझ आहेत, म्हणजे बोट वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे, सगळ्यात उंच भागात तो समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर आहे. तिथे पाणी अडवलेलं असतं, म्हणून उन्हाळ्यात फरक पडत नाही. केल्हाइमला तुम्ही नदीत येता, तिथून श्ट्राउबिंगपर्यंतही बंधारे आहेत. त्यानंतरच्या या ७० किलोमीटरमध्ये मात्र बंधारा नाही, नदी मोकळी वाहते. बांधायचा प्रस्ताव होता, पण लोक वर्षानुवर्षं त्याच्या विरोधात उभे राहिले आणि शेवटी बंधारा होणार नाही असं ठरलं. मी स्वतः त्या लोकांच्या बाजूचा आहे, तिथले पक्षी आणि पूरमैदानं बघितली की कळतं का ते. पण त्याची किंमत ही की पाऊस नसेल तर तिथे पाणी खरंच कमी होतं. मालवाहू बोट कमी माल भरून निघू शकते, क्रूझला वजन तसं कमी करता येत नाही.

त्या भागासाठी फेलिंग नावाच्या गावाचा पेगल बघायचा, म्हणजे पाणीपातळीचं माप. जर्मन जलमार्ग खात्याच्या एल्विस या साइटवर रोज मिळतो, फुकट. फक्त एक लक्षात ठेवा, पेगलचा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ऱ्हाइनवरचं उदाहरण देतो, ते बातम्यांत नेहमी येतं. काउबला पेगल ७८ सेंटिमीटर असतो तेव्हा बोटींच्या मार्गात खोली साधारण १ मीटर ९० असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउब २५ पर्यंत खाली गेला, ऑगस्ट २०२२ मध्ये ३० च्या आसपास होता, आणि लोकांना वाटलं नदीत गुडघाभर पाणी उरलं. तसं नसतं. म्हणून आकडा एका दिवसाचा बघू नका, रोज वाढतोय का उतरतोय ते बघा.

पासाऊच्या खाली ऑस्ट्रियात बहुतेक ठिकाणी वीजप्रकल्पांचे बंधारे आहेत, वाखाऊचं खोरं आणि व्हिएन्नाच्या पुढचा भाग सोडून. बंधारे आहेत तिथे एवढा त्रास सहसा होत नाही. तेव्हा पासाऊला दुसरी बोट मिळाली की सगळ्यात मोठी अडचण मागे पडली समजा.

आणि बोट रेगेन्सबुर्गला थांबली तर मला फोन करा. घाटापासून आमचं घर दहा मिनिटांवर आहे, काकू आहेत, आई-बाबांना घेऊन जेवायलाच या.

वि. काका

---

प्रेषक: मे., व्हिएन्ना
मंगळवार

सगळ्यांना नमस्कार, मी पूर्वी डार्मस्टाटला होते म्हणून अजून या लिस्टवर आहे 🙂

काकांनी कमी पाण्याचं लिहिलं, मी जास्त पाण्याचं लिहिते, कारण ते जास्त अचानक येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये बोरिस वादळाचा पाऊस झाला तेव्हा डॅन्यूबवरची वाहतूक थांबली आणि इथे व्हिएन्नाला बोटी अडकल्या, एका बोटीच्या प्रवाशांना तर घाटच पाण्याखाली गेल्यामुळे उतरता येईना. शहराचं मोठं नुकसान टळलं कारण इथे नॉइए डोनाऊ म्हणून पुराचं पाणी वळवायला २१ किलोमीटरचा वेगळा प्रवाह खोदलेला आहे, पण व्हीन नावाची छोटी नदी भयंकर चढली आणि मेट्रोचे काही भाग बंद होते. पाणी जास्त झालं की बोटी पुलाखालून जात नाहीत. वरच्या डेकचे कठडे आडवे करतात, कॅप्टनची केबिनसुद्धा खाली घेतात, तरी एका मर्यादेनंतर जागाच उरत नाही. पासाऊला २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरपर्यंत गेलं होतं, जुन्या शहरात भिंतींवर पुराच्या खुणा लावल्यात, बाबांना नक्की दाखव.

माझा सल्ला एकच आहे, क्रूझ जिथे संपणार तिथून त्याच दिवशीचं परतीचं तिकीट ठेवू नका. आमच्याकडे आलेले पाहुणे बुडापेस्टऐवजी ब्रातिस्लाव्हाला उतरले आणि विमान बुडापेस्टहून त्याच दुपारी. धावपळ म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं, सत्तरीतली माणसं बॅगा ओढत रेल्वे स्टेशनवर. मध्ये दोन रात्री ठेवा, तारीख बदलता येणारं तिकीट घ्या.

मे.

---

प्रेषक: अ., फ्रँकफर्ट
मंगळवार रात्री

शु. ताई, पैशांचं आणि व्हिसाचं माझ्याकडून, थोडक्यात, कारण ऑफिसमध्ये मी हेच बघतो.

जर्मनीत बुक केलेली क्रूझ ही पॅकेज टूर धरली जाते, युरोपियन युनियनचा २०१५/२३०२ हा निर्देश तिला लागू होतो. निघायच्या आधी कंपनीने मोठा बदल कळवला, म्हणजे नुसतं एखादं बंदर नव्हे तर बोटीऐवजी चार दिवस बस आणि हॉटेल वगैरे, तर तुम्हाला पैसे न गमावता नाही म्हणता येतं. पण त्यांनी दिलेल्या मुदतीत कळवावं लागतं. आत्ता आलेला "बदल होऊ शकतात" हा मेल म्हणजे बदल नव्हे, त्यामुळे घाईने स्वतः कॅन्सल करू नका, तिथेच पैसे जातात.

प्रवासात जे ठरलं होतं ते मिळालं नाही तर तेवढ्या दिवसांच्या किमतीत सूट मागता येते, आणि त्यासाठी कंपनीची चूक असावीच लागते असं नाही, नदी आटली तरीही. नुकसानभरपाई ही वेगळी गोष्ट, ती निसर्गामुळे झालेल्या अडचणीत बहुधा मिळत नाही. मात्र तिथल्या तिथे बोटीवर लेखी तक्रार नोंदवा, साधा मेलही चालतो, आणि किती तास बसमध्ये, कोणतं गाव चुकलं, सगळं तारखेसकट लिहून ठेवा. जर्मन कायद्याने दावा करायला दोन वर्षं मिळतात.

आई-बाबांचा व्हिसा बघा. स्टिकरवर दोन गोष्टी असतात, शेवटची तारीख आणि राहण्याचे दिवस. लोक तारीख बघतात आणि दिवस मोजायचे विसरतात. खरोखर अडकायला झालं तर मुदतवाढ मिळते आणि अशा कारणासाठी ती विनाशुल्क असते, पण व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या ऑफिसला जावं लागतं, कंपनीचं पत्र घेऊन. आणि व्हिसासाठी काढलेला तो ३०,००० युरोचा इन्शुरन्स आजारपणासाठी असतो. बोट चुकली, हॉटेल वाढलं, यात त्याचा उपयोग धरू नका.

अ.

---

प्रेषक: शु., डार्मस्टाट
शनिवार

किती आभार मानू तुम्हा सगळ्यांचे.

न. ताई, तुझा मेल वाचला आणि लगेच सांगलीला फोन लावला. मी घाबरत घाबरत सुरुवात केली की बाबा, तिथे नदीला पाणी कमी आहे, कदाचित बोट मध्येच सोडावी लागेल. बाबा म्हणाले, "किती आहे पातळी?" मी गप्पच. आमचं घर गावभागात, २०१९ ला खालचा मजला पाण्यात होता, दर पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी आयर्विन पुलाला किती फूट हे बघतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, कोयनेतून किती सोडलंय, अलमट्टीत किती आहे, हे सगळं आयुष्यभर केलेला माणूस, आणि मी त्यांच्यापासून नदीची पातळी लपवत होते. आता त्यांना रोज सकाळी फेलिंगचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर लागतो, वहीत लिहून ठेवतायत.

कंपनीला परत फोन केला, पण यावेळी "काय होईल" असं विचारलंच नाही. विचारलं की श्ट्राउबिंगच्या खाली जाता आलं नाही तर पासाऊला तुमची बोट आहे का, असेल तर केबिन त्याच मजल्यावर मिळेल का, आणि निर्णय किती तास आधी सांगता. तिन्हीची उत्तरं मिळाली. बोट आहे. केबिन त्याच मजल्यावर. आणि आदल्या संध्याकाळी सांगतात. तेव्हा जातोय. बुडापेस्टला दोन रात्री वाढवल्या. व्हिसाचे दिवस मोजले, नऊ शिल्लक राहतात.

शु.

---

प्रेषक: शु., पासाऊहून
तीन आठवड्यांनी, बुधवार

मंडळी, बोटीवरून लिहितेय, नेट सारखं जातंय म्हणून थोडक्यात.

रेगेन्सबुर्गला थांबलो. काल संध्याकाळी सहाला सांगितलं, बाबांनी दुपारीच सांगितलं होतं, आकडा पाच दिवस उतरताच होता. वि. काका घाटावर घ्यायला आले. जेवायला काकूंनी पिठलं-भाकरी केली होती, आई तिथे दोन तास अशी बसली की जणू मिरजेला मामाकडे आलीये. नंतर बाबा आणि काका दोघं पाण्याजवळ जाऊन उभे राहिले ते अंधार पडेपर्यंत, काका बंधारा का नको ते सांगत होते आणि बाबा अलमट्टीचं सांगत होते, पटलं नाही दोघांचं बहुतेक, पण आज सकाळी निघताना बाबांनी काकांचा नंबर स्वतः सेव्ह केला.

आज बस दीड तास, आईला गोळी दिली होती, झोपून गेली. औषधांची बॅग माझ्या मांडीवर. जेवणाची नोंद पोचली नव्हती, न. ताई, अगदी तू म्हणालीस तसंच, पण मी आधी किचनकडे गेले आणि मग केबिनकडे, दुपारी भात आणि राजम्यासारखं काहीतरी मिळालं. अ., बसचा वेळ आणि चुकलेला भाग लिहून बोटीच्या मॅनेजरला मेल केलाय, "मिळाला" असं उत्तरही आलंय. मे., पुराच्या खुणा बघितल्या, बाबांनी १२.८९ चे फूट करून बघितले आणि म्हणाले बेचाळीस.

वि. काका, काकूंनी वाटेत खायला दिलेल्या धपाट्यांचा स्टीलचा डबा आमच्याकडेच राहिलाय. परतीला रेगेन्सबुर्गवरून ट्रेन जाते का बघते, पंधरा मिनिटं थांबत असेल तर स्टेशनवर आणून देते, नाहीतर गणपतीला मंडळात आणू का?

शु.