५जी असताना घरी तार हवीच का? नागपूरकरांचे अनुभव

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जीची घोषणा झाली आणि त्याच आठवड्यात एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांत सेवा सुरू केली त्यांत आपले नागपूर होते. तेव्हापासून ब्रॉडबँडचे बिल भरायची वेळ आली की आमच्या घरी एकच वाद निघतो : फोनवर तारेपेक्षा जास्त वेग मिळत असताना तारेचे वेगळे पैसे कशाला भरायचे? मुलाने गच्चीच्या दाराशी उभे राहून वेग मोजला तेव्हा ४०० एमबीपीएस आला, आमचे फायबर १०० चे आहे. तोच फोन देवघराशेजारच्या खोलीत आणल्यावर आकडा ३० वर उतरला, आणि माझे टेबल नेमके त्याच खोलीत आहे. ज्यांनी तार काढली, आणि विशेषतः ज्यांनी काढून पुन्हा बसवली, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा. एका वेळेच्या आकड्यापेक्षा महिना-दोन महिन्यांची हकीकत अधिक उपयोगी पडेल.

बेसा, घरून काम

आमच्या ले-आउटमध्ये सिमेंट रस्त्याचे काम निघाले आणि तीन आठवड्यांत चार वेळा तार तुटली. दर वेळी केबलवाल्याचे उत्तर ठरलेले असे : "भाऊ, जेसीबीनं तोडली, संध्याकाळपर्यंत जोडून देतो." शेवटी मी गच्चीवर ५जीचा रिसीव्हर बसवून घेतला. चित्रपट आणि मुलांचे वर्ग उत्तम चालले, परंतु मोठी फाइल कार्यालयाला पाठवताना मात्र चहा करून प्यायला वेळ मिळू लागला. कारण साधे आहे : आपल्याकडे ५जीसाठी प्रामुख्याने वापरात असलेल्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डाउनलोड आणि अपलोड एकाच लहरीवर आळीपाळीने चालतात, आणि त्या वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. रस्ता पूर्ण झाल्यावर तार परत घेतली.

त्रिमूर्तीनगर, निवृत्त शिक्षिका

आम्ही दोघेच राहतो, म्हणून तार काढली आणि ५जीचा डबा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला. फेब्रुवारीपर्यंत काही तक्रार नव्हती. होळीनंतर त्याच खिडकीत कूलर बसला. पत्र्याचा तो मोठा पेटारा डबा आणि टॉवर यांच्या मधोमध आल्यावर नातवाशी बोलताना त्याचा चेहरा अडकू लागला. डबा दुसऱ्या खिडकीत हलवायचा तर तिथे प्लगच नव्हता. आता इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड बसवून घेतला आहे. यांचे म्हणणे होते की कूलरच हलवावा, पण एप्रिलच्या दुपारी मी ते ऐकून घेतले नाही.

दीक्षाभूमीजवळ, वकील

टॉवरची क्षमता त्याच्या टप्प्यात असलेल्या सर्वांत वाटली जाते, हे मी वाचून नव्हे तर घरी बसून शिकलो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक इथे येतात, आणि प्रत्येकाला घरच्यांना दोन फोटो पाठवायचे असतात, ते योग्यच आहे. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या फोनवर पाच दांड्या दिसतात आणि पान उघडत नाही. तारेवर काहीही फरक पडत नाही. वर्षातून तीन दिवसांसाठी तार ठेवावी का, हा प्रश्न योग्य आहे, मात्र माझ्या ऑनलाइन सुनावण्या रोजच्याच असतात.

इतवारी, किराणा घाऊक

दुकानाचा जुना सीसीटीव्ही घरून पाहता येत होता, ५जीवर आल्यावर येईना. मोबाइल कंपन्या सामान्यतः अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, देतात, त्यामुळे बाहेरून थेट आपल्या रेकॉर्डरपर्यंत वाट मिळत नाही. कंपनीच्या क्लाउडवरून दाखवणारा रेकॉर्डर घेतला तेव्हा प्रश्न सुटला, खर्च मात्र वाढला.

नंदनवन, भाड्याची खोली, विद्यार्थी

मला तारेची गरज वाटली नाही. खोली वर्षाला बदलते, हॉटस्पॉट पुरतो.

प्रतापनगर, गृहिणी

आमच्याकडेही हॉटस्पॉटच होता, यांच्या फोनवरचा. हे सकाळी भाजी आणायला निघाले की घरचे इंटरनेटही पिशवीसोबत बाहेर पडायचे आणि मुलीचा वर्ग मध्येच बंद व्हायचा. दोन महिन्यांत तार घेतली.

अंबाझरी परिसर, अभियंता

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरले तेव्हा आमचा राउटर जमिनीलगतच्या कपाटात होता, तो गेला. मोबाइल मात्र चालू होता, आणि त्यावरूनच नातेवाइकांना कळवता आले. त्या दिवसापासून कोणी तार आणि मोबाइल यांची तुलना केली की मी वेगाबद्दल बोलत नाही. फायबरच्या वाटेत एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटून देणाऱ्या विभाजकांना वीज लागत नाही, त्यामुळे घरातला राउटर व ओएनटी (फायबरची तार जिथे जोडतात तो डबा) इन्व्हर्टरवर ठेवले तर वीज गेल्यावरही इंटरनेट बहुधा टिकते, हे त्यानंतर करून पाहिले आणि जमले. दोन्ही डबे आता कपाटाच्या माथ्यावर आहेत. प्लॅन सर्वांत स्वस्त घेतला आहे आणि फोनवर दुसऱ्या कंपनीचे सिम ठेवले आहे.