घरातला कुठलाही सॉकेट चालतो म्हणे!

तांब्याची तार

नवीन इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांना इथे 'चौथा गिअर' या नावाने लिहिणाऱ्यांनी सल्ला दिलाय : "गाडी म्हणजे चाकांवरचा मोबाइल. रात्री लावा, सकाळी काढा. घरातला कुठलाही मोठा सॉकेट चालतो, वेगळी लाइन ओढणं म्हणजे पैसे पाण्यात. मेंटेनन्स शून्य." वाचून डोकं उठलं. लोक असं वाचून तसं वागतात, म्हणून लांबण लागली तरी लिहितो.

मोबाइलचा चार्जर वीस-पंचवीस वॅट ओढतो. गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर तीन हजारांच्या वर, तेही सलग आठ-नऊ तास. 'त्याच सॉकेटवर गीझर चालतो की' हे उत्तर ठरलेलं असतं. गीझर थोड्या वेळात थर्मोस्टॅटवर बंद होतो, सॉकेटला निवायला वेळ मिळतो. गाडी तो वेळ देत नाही. सॉकेटमागचा एक स्क्रू किंचित सैल राहिला आणि तिथे ०.१ ओहम रोध झाला, तर १५ अँपिअरला त्या एका जागी साडेबावीस वॅट उष्णता निघते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. ते मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत रात्रभर चालू ठेवायचं का? आधी प्लगची पिन काळी पडते, मग सॉकेटचं तोंड पिवळं होतं, मग वास येतो.

डीबीपासून, म्हणजे घरातल्या स्विच-फ्यूजच्या मुख्य पेटीपासून, पार्किंगपर्यंत वेगळी लाइन घ्या, मध्ये एकही जोड नको. १६ अँपिअरसाठी ४ स्क्वेअर एमएम तांबं, ३२ अँपिअरच्या ७.२ किलोवॅट चार्जरला किमान ६, अंतर लांब असेल तर १०. ३२ अँपिअरच्या लाइनवर ४० अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की पडणारा स्विच), आणि लाइन कुठलीही असो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळला की पडणारा स्विच). आरसीसीबी 'एसी' टाइपचा नको. गाडीच्या बाजूने डीसी गळती झाली की तो आंधळा होतो, पडायला हवा तेव्हा पडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय असेल तर 'ए' टाइप चालतो, नसेल तर 'बी'. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर चार्जिंग तिथेच थांबवा. महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. रोज तापून-निवून टर्मिनल सैल पडतातच.

चौथा गिअर

उगाच बाऊ करताय. 'कुठलाही' हा शब्द सैल पडला, बाकी मुद्द्यावर मी ठाम आहे. पोर्टेबल चार्जरमध्ये बहुतेक वेळा १० अँपिअरची सेटिंग असते. तुमच्याच गणिताने तोच सैल स्क्रू १० अँपिअरला १० वॅट देतो, निम्म्याहून कमी. रोजचं ४० किलोमीटर धरा. शंभर किलोमीटरला १५ युनिट म्हणजे ६ युनिट झाले, ते २.३ किलोवॅटवर तीन तासांत भरतात. यासाठी ७.२ किलोवॅटचा चार्जर भिंतीला ठोकायचा आणि घराचा मंजूर लोड वाढवत बसायचा? असे लेख वाचून माणसं घाबरतात आणि गाडीच घेत नाहीत.

मेंटेनन्सचंही तेच. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. आता उरलं काय?

उंबरठा

उरलं ते सांगतो. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल पितं, बहुतेक गाड्यांत ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, पेट्रोल असो की इलेक्ट्रिक. कूलंट आहे. केबिन फिल्टर आहे. मोटरचा जोर आणि बॅटरीचं वजन यामुळे टायर लवकर झिजतात, दर १० हजार किलोमीटरला फिरवून घ्यावे लागतात. रीजनमुळे (वेग कमी होताना मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते) ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून पॅड टिकतात हे खरं, पण डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. आठवड्यातून एकदा रीजन कमी करून चार-पाच वेळा नीट दाबून ब्रेक लावले तर डिस्क साफ राहते.

सर्वांत दुर्लक्षित म्हणजे १२ व्होल्टची छोटी बॅटरी. पेट्रोल गाडीत ती मरायला आली की स्टार्टर कुंथतो, कळतं. इथे स्टार्टरच नाही. ती कसलीही चाहूल न देता बसते, आणि मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असूनही तिला मोटरशी जोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, लागत नाहीत, गाडी जागची हलत नाही. पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम आणि दर दहा मिनिटांनी ॲप उघडून गाडीला जागं करणं, ही दोन हमखास कारणं.

आणि विषय निघालाच आहे तर ते '८० टक्क्यांच्या वर नको' सरसकट सांगणं बंद करा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीला ते लागू आहे. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे किती भरलंय हे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला) व्होल्टेजवरून नीट कळत नाही. आठवड्यातून एकदा १०० पर्यंत नेलं नाही तर आकडा भरकटतो आणि १२ टक्के दिसत असताना एकदम ३ वर येतो. दोष बॅटरीचा नसतो, चुकीच्या सल्ल्याचा असतो.

पानगळ

१० अँपिअरच्या बाजूने बोलणारे एक विसरतात. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीची आतली इलेक्ट्रॉनिक्स, पंप वगैरे जागे असतात. ते साधारण ३०० वॅट धरले तर २.३ किलोवॅटमधले १३ टक्के तिथेच गेले. ७.२ वर हाच हिस्सा ४ टक्के. घराचा मीटर आणि गाडीचा स्क्रीन यांचे आकडे जुळत नाहीत त्यामागे हेही एक कारण आहे.

रेघोटी

चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागला की काही इलेक्ट्रिशियन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते. यात चूक काय?

चौथा गिअर

सर्रास करतात. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेलाच असतो, म्हणजे शेवटी तार तीच. मला यात फार मोठं काही दिसत नाही.

तांब्याची तार

हे वाक्य मागे घ्या. आत्ता. बाकी कशावरही वाद घालू, यावर नाही.

सॉकेटमध्ये तो जोड केला की गाडीचा पत्रा न्यूट्रलला बांधला गेला. आता वर कुठेही, मीटरच्या टर्मिनलवर किंवा डीबीत, न्यूट्रल सुटला तर घरातल्या चालू दिव्या-पंख्यांतून फेज त्या तारेवर येतो आणि थेट गाडीच्या पत्र्यावर जातो. ओल्या फरशीवर उभं राहून दाराला हात लावणारा माणूस हा जमिनीकडे जाणारा रस्ता बनतो. एमसीबी पडणार नाही, कारण माणसाला मारायला लागणारा प्रवाह एमसीबीच्या हिशेबात काहीच नसतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले आणि अर्थ तुटकी असली तर न्यूट्रल सुटायचीही गरज नाही, पत्रा पहिल्या क्षणापासून २३० व्होल्टवर. उलटे जोडलेले सॉकेट काही दुर्मीळ नाहीत. आणि अर्थ थोडीफार शाबूत असेल तर या जोडामुळे आरसीसीबी सारखा पडतो, मग 'त्रास देतो' म्हणून तोच काढून टाकतात. राखणदार गेला, चोर घरात.

चार्जर लाल दिवा दाखवतो म्हणजे त्याचं काम करतो. दिवा बुजवायचा नसतो, अर्थ दुरुस्त करायची असते.

पानगळ

तार, सूर खाली घ्या. काही पुरवठा पद्धतींत न्यूट्रल आणि अर्थ घराच्या प्रवेशापाशी नियमानेच एकत्र असतात. सगळं 'मारेल, मारेल' करून चालत नाही.

तांब्याची तार

प्रवेशापाशी, पुरवठादाराने, ठरलेल्या जागी. सॉकेटमध्ये इलेक्ट्रिशियनने बोटभर तारेने नव्हे. शिवाय त्या पद्धतीतही उघड्यावरच्या गाडीसाठी न्यूट्रल तुटल्याचं ओळखणारी यंत्रणा किंवा वेगळा अर्थ रॉड लागतो, तो याच धोक्यासाठी. सूर मी खाली घेणार नाही.

पानगळ

वेगळ्या रॉडचं बरोबर आहे, ते मी धरलं नव्हतं. पण लोकांना तपासायचं कसं ते सांगा, नुसतं ओरडून अर्थ सुधारत नाही.

तांब्याची तार

सांगतो. मल्टिमीटरने फेज ते न्यूट्रल जितके व्होल्ट, जवळपास तितकेच फेज ते अर्थ यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. त्याच सॉकेटवर मोठा लोड चालू असताना हा आकडा थोडा चढतो, तारेत पडणाऱ्या व्होल्टेजमुळे. लोड असूनही तो काटेकोर शून्य राहिला तर सॉकेटमागे जोड असल्याचा दाट संशय घ्या.

फेज ते अर्थ आकडा चांगला आला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह घेतो की गंजलेल्या, धड न टेकलेल्या अर्थवरही तो झकास २३० दाखवतो. अर्थ टेस्टरने ओहम मोजून घ्या. ५ च्या आत असला तर उत्तम. जास्त असेल तर आधी खड्ड्यातल्या रॉडचा क्लॅम्प बघा, बहुतेक वेळा तोच गंजलेला असतो. मग माती. कोरडी पडली की रोध वाढतो, पाणी घालून सुधारतो, पण पुन्हा वाळली की पहिले पाढे पंचावन्न. खड्ड्यात बेंटोनाइट (पाणी धरून ठेवणारी चिकणमाती) भरून घेतलं तर ओल धरून राहते.

चौथा गिअर

न्यूट्रलचं वाक्य मागे घेतलं. ते लिहायला नको होतं. मात्र १० अँपिअरवरून मी हटत नाही. नीट अर्थिंग, चांगला सॉकेट, वेगळी तार, आणि १० अँपिअर. रोजच्या चाळीस-पन्नास किलोमीटरला ७.२ किलोवॅट लागत नाही.

उंबरठा

'वेगळी तार' आता आली. सकाळी ती पैसे पाण्यात होती.

तांब्याची तार

वेगळी तार आणि चांगली अर्थ असेल तर १० अँपिअरला माझा विरोध नाही. पण तारेचा खर्च करतच आहात तर ६ स्क्वेअर एमएम टाकून ठेवा. पुढे चार्जर मोठा घेतलात तर भिंत पुन्हा फोडायला नको.

रेघोटी

सॉकेट उघडला तर तो जोड ओळखायचा कसा?

तांब्याची तार

मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, मगच प्लेट काढा. तीन टर्मिनलांवर भिंतीतून आलेली एकेक तार दिसायला हवी. न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलांमध्ये एखादा छोटा तुकडा अडकवलेला दिसला, किंवा अर्थच्या टर्मिनलवर भिंतीतून तारच आलेली नाही असं दिसलं, तर तो सॉकेट वापरायचा नाही. तुकडा काढून प्लेट पुन्हा बसवली की काम संपलं असं समजू नका. तो काढल्यावर लाल दिवा परत लागेल, आणि तो लागलाच पाहिजे. खरी अर्थ डीबीपर्यंत येते का ते तिथून पुढे शोधायचं.